भावोजींचा मॅनिफोल्ड

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं, त्यामुळे जिथे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल तिथे वाचणाऱ्याने ते मनातल्या मनात सरळ करून घ्यावं, आणि अक्षर लागलं नाही तर कागद थोडा लांब धरावा; मीही तसंच करते. पण चुकांना भिऊन गप्प बसले तर आमच्या भावोजींबद्दल कुणीच लिहिणार नाही, आणि मोटारीच्या धुरावर एवढा जीव लावणारा माणूस बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ह्या तिन्ही गावांत दुसरा झाला नाही, हे कुणाला कळायचंच नाही. माणसं गाडीचा रंग बघतात, सीट दाबून बघतात, हॉर्न वाजवून बघतात. भावोजी आधी मागे जातात. गाडीच्या पाठीशी उकिडवे बसतात, सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने उठून मालकाला हळूच सांगतात, "छाती भरलीय हिची." जसं काही घरी नेऊन शेक द्या, काढा पाजा.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. अंबरनाथला कंपनीत फिटर आहेत, हात सोन्याचा आहे, आणि त्या हातावर गरम नळ्यांचे चटके आहेत. त्यांचं लग्न जमत नव्हतं असं नाही, जमलेलं मोडायचं. एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली तेवढ्यात बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू झाली. भावोजींनी कान टवकारले. "आलोच," म्हणून जे गेले ते पोहे गार झाल्यावर परत आले, तळहात काळाभोर, आणि त्याच हाताने बशी घेतली. मुलीच्या वडिलांनी माझ्या सासूबाईंना विचारलं, "मुलगा नक्की काय करतो?" आमच्या आई एरवी मुलाची बाजू राखतात, पण त्या दिवशी कंटाळल्या होत्या. म्हणाल्या, "धूर हुंगतो." तिथून आम्ही लवकर निघालो.

हे वेड लागलं ते आमच्या बंबापासून. हेंद्रेपाड्यात आमच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या तरी आमचं घर अजून बैठं आहे आणि अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब आहे. तो सकाळी पेटताना स्वतः रडायचा आणि आम्हा बायकांनाही रडवायचा. एका रविवारी भावोजींनी त्याची धुराची नळी काढली, आतली काजळी खरवडली, चेपलेली बाजू ठोकून गोल केली आणि वर हातभर पत्रा वाढवला. दुसऱ्या दिवशी निम्म्या लाकडांत पाणी उकळलं! आई सवयीने हात घालायला गेल्या आणि बोटं भाजून घेतली, तरी खूश. भावोजी तर मुलगा झाल्यासारखे घरभर फिरत होते. रात्री ताटावर बसल्यावर मला म्हणाले, "वहिनी, आत काय घालायचं ते सगळं जग बघतं. बाहेर कसं जातं ते कुणी बघतच नाही!" आमचे हे म्हणाले, "जेवताना नको रे." पण भावोजींचं लक्ष नव्हतं. त्यानंतर त्यांनी माझ्या गॅसच्या बर्नरची भोकं घासून मोठी केली. तेव्हा महिनाभर माझी भांडी काळी होत होती, पण त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत.

बंबावरून ते मोटारीवर आले. त्यांच्याकडे एक जुनी, छोटी, लाल गाडी आहे, तीन सिलिंडरची. आता मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते इतक्या वेळा समजावलंय की झोपेतही सांगेन. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर प्रत्येक सिलिंडरच्या वेगळ्या भोकातून बाहेर पडतो. ती भोकं एका बिडाच्या तुकड्याला जोडलेली असतात. त्याच्या तीन आखूड नळ्या पुढे एकत्र होतात आणि तिथून एकच नळी मागे सायलेन्सरकडे जाते. तो बिडाचा तुकडा म्हणजे मॅनिफोल्ड. कारखान्यात तो ओतून काढतात, आतून घासत कोण बसतो? त्यामुळे आत खरखर राहते, काठ एकमेकांना जुळत नाहीत. "वहिनी, चाळीतल्या तीन मोऱ्या एकाच पायपात सोडल्या, पाइप आतून दगडाळ, आणि सकाळी तिघींनी एकदम पाणी सोडलं तर काय होईल?" मी म्हटलं, "तुंबेल." भावोजींनी मांडीवर थाप मारली. "तेच! इंजिन तुंबलंय! ते मोकळं केलं तर ही गाडी, वहिनी, ही गाडी घोड्यासारखी उधळेल!" मी बोलत फार नाही, पण खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

मग त्यांनी तो मॅनिफोल्ड काढला आणि घरातच घासायला घेतला. तीन पायांचं ते काळं धूड कधी ओट्यावर, कधी देवळीत, कधी कपड्यांच्या दोरीला टांगलेलं. आई त्याला चिंबोरी, म्हणजे खेकडा, म्हणायच्या. "आरं ती तुजी चिंबोरी उचल, मना पोलपाट ठेवाचाय." कंपनीतून आले की हात धुवायच्या आधी ग्राइंडर सुरू. आमच्या घरावर बारीक लोखंडी भुकटीचा थर बसला, पापडालासुद्धा. मधूनमधून मला हाक मारायचे, "वहिनी, जरा करंगळी घाला आत." मी पीठ मळता मळता जायची आणि करंगळी घालायची. "तुमच्या बिडाच्या तव्यासारखं लागतंय का?" मी म्हणायची, "अजून नाही." की परत ग्राइंडर. ज्या दिवशी मी "हो" म्हटलं त्या दिवशी भावोजींनी मॅनिफोल्ड छातीशी धरला आणि शर्टावर जो डाग पडला तो अजून आहे.

इथवर सगळं हौसेचं होतं. पण उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी काकांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सगळे त्यांना साईं म्हणतात आणि ते सगळ्यांना साईं म्हणतात, त्यामुळे दुकानात गर्दी असली की कोण कुणाला हाक मारतंय कळत नाही. त्यांच्या शेजारचा गाळा रिकामा होता आणि तोही त्यांचाच. त्यांनी भावोजींना सांगितलं, "साईं, नोकरी में क्या रखा है? इकडे बस, फक्त मॅनिफोल्ड कर. माल माझा, हात तुझा. पैसा बाद में दे." एवढं ऐकल्यावर भावोजी जमिनीवर कसले राहतात! त्यांनी ठरवलं, राजीनामा द्यायचा आणि गाळा उघडायचा. ओळखीपाळखीच्या गाडीवाल्यांना सांगत सुटले, "तुमचाच मॅनिफोल्ड घासून, जुळवून देतो. गाडी चढाला पळाली नाही तर पूर्ण पैसे परत, माझा शब्द." लोकांनी आगाऊ पैसे दिले, कारण भावोजींनी आजवर कुणाला फसवलं नव्हतं. ते पैसे गाळ्याच्या डागडुजीत आणि रंगात गेले.

आमच्या ह्यांची झोप उडाली. घराचा अर्धा खर्च भावोजींच्या पगारावर चालतो. कंपनीची पक्की नोकरी एकदा सोडली की परत कोण घेतो? पण भावोजी म्हणाले, "दादा, मी वेडा नाही. आधी माप घेणार, मगच राजीनामा."

त्यांची माप घेण्याची रीत मी जन्मात विसरणार नाही. बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सरळसोट चढ आहे. खालच्या पुलावर गाडी ठरलेल्या वेगात आणायची, तिसरा गिअर टाकून पाय पूर्ण दाबायचा, आणि कुठे पोचल्यावर गाडी हात टेकते ते बघायचं. वजन म्हणून माणसं घ्यायची, तीही नेहमी तीच. पुढे आई, मागे मी आणि माझ्या मांडीला मांडी लावून तांदळाचं पोतं. "नुसती पोती का नाही नेत?" आमच्या ह्यांनी विचारलं. भावोजी म्हणाले, "पोतं काय सांगणार? वहिनी सांगतील." मी काही सांगणारी बाई नाही, पण मला बरं वाटलं. निघायच्या आधी आम्हाला वाण्याच्या धान्याच्या काट्यावर उभं करायचे. आईंना न्याहारी ठरवून दिलेली, एक भाकरी. "दुसरी नको आई, माप बदलतं." "मंग गारीलाच घाल भाकरी!" आई म्हणायच्या, पण जायच्या. मुलाचं दुकान व्हावं असं त्यांना फार वाटत होतं.

मॅनिफोल्ड घासायच्या आधीच आम्ही तीनदा तो चढ चढलो होतो आणि तिन्ही वेळा गाडी एका पळसाच्या झाडापाशी गुदमरली होती. एक हात इकडे नाही की तिकडे नाही. भावोजी खूश होते, कारण माप पक्कं असणं महत्त्वाचं. आता घासलेला मॅनिफोल्ड बसवून आम्ही निघालो. त्या दिवशी आईंनी गावदेवीला बोललेला नारळ बरोबर घेतला होता, चढ झाल्यावर तसंच देवळात जायचं म्हणून. भावोजींनी नारळसुद्धा काट्यावर ठेवला आणि तेवढे तांदूळ पोत्यातून काढले. इतका काटेकोर माणूस!

पूल आला. भावोजी ओरडले, "धरा!" आणि पाय दाबला. आवाज असा निघाला की रस्त्याकडेच्या म्हशी बिथरल्या. आई डोळे मिटून, दोन्ही हातांनी नारळ छातीशी आवळून, "आई गावदेवी, आई गावदेवी." पळस आला. मी श्वास रोखला. पळस गेला! गाडी थांबेना! भावोजी स्टिअरिंगवर ओणवे होऊन "चल माझी राणी, चल!" करत होते आणि मी, जी शेजारणीला हाक मारतानाही दहादा विचार करते, मी पोत्यावर बुक्के मारत "चल, चल!" ओरडत होते. अगदी वरच्या पाणपोईपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली. भावोजी खाली उतरले आणि रस्त्यात नाचले. पाणपोईवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोरगा झाला काय?" भावोजी म्हणाले, "गॅरेज झालं, बाबा!" संध्याकाळी आळीत पेढे वाटले. राजीनामा लिहून खिशात ठेवला, सोमवारी द्यायचा म्हणून.

आणि रविवारी आम्ही आईंच्या बहिणीकडे निघालो, टेकडीवरच्या गावाला. तोच मॅनिफोल्ड, तेवढीच माणसं, तांदळाचं पोतंसुद्धा मावशींना द्यायला घेतलेलं. चढ लागला आणि गाडी अर्ध्यात गुदमरली. भावोजी म्हणाले, "पेट्रोलमध्ये भेसळ असेल." परत खाली नेली, परत आणली, परत तिथेच. आणि मला जळका वास आला. हा वास मला ओळखीचा होता. पळसापाशीही असाच यायचा, आणि भावोजी म्हणायचे, जुन्या गाडीला थोडा वास असतोच. मी पुढे वाकून बघितलं. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा असतो. तो आईंनी मुठीत धरला होता, आणि चढाला गाडी जशी मागे कलली तशी त्यांनी तो आधारासाठी आणखी वर ओढला होता.

भावोजींच्या खिशात राजीनाम्याचा कागद होता. मी न बोलले तर उद्या ते तो देणार. मला बोलायला नेहमी वेळ लागतो, पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं, "आई, तुमचा हात कुठे आहे?"

"कठं म्हंजे? दांड्याला."

भावोजींनी खाली बघितलं. "आई, हा ब्रेक आहे!"

"मना काय म्हाईत? मानसाला धराला लावलाय वाटला."

"आधी पळसाच्या वेळी कशाला धरायचीस?"

"यालाच. मंग काय हवेला धरू?"

"आणि पाणपोईपर्यंत गेलो तेव्हा?"

"तवा हातान नारल व्हता ना!"

इंजिन बंद होतं आणि बॉनेटमधून टिक टिक असा गार होतानाचा आवाज येत होता. भावोजींनी नारळाचं वजन काढलं होतं, भाकरीचं काढलं होतं, पण आईंच्या मुठीचं माप कुणी घेतलं होतं? मग ते एकदम हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी पुसायला जरा जास्तच वेळ लागला. आई बावरल्या. "आरं माजा काय चुकला का?" भावोजींनी त्यांचा हात दांड्यावरून उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नाही गं. तू माझी नोकरी वाचवलीस."

तिथे दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर सोडून दिलं असतं. भावोजींनी कॅम्प दोनच्या भंगारातून तसाच, पण हात न लावलेला मॅनिफोल्ड आणला आणि तो बसवून आम्ही परत बारवीच्या चढावर गेलो. ह्या वेळी आईंच्या मांडीवर पिशवी आणि दोन्ही हात पिशवीवर. पळस गेला, पुढचा चढही गेला, आणि गाडी कुठे थांबावी? पाणपोईच्या अलीकडे, फार तर एका बैलगाडीच्या अंतरावर. भावोजी उतरले, तेवढा तुकडा पायांनी चालून गेले आणि परत आले.

"फरक पडतो, वहिनी," ते म्हणाले. "पडतो. पण एवढाच."

मग रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी मला समजावलं, अगदी पहिल्यासारखंच, फक्त मांडीवर थाप नव्हती. ह्या छोट्या इंजिनाला एवढा धूरच नाही की मॅनिफोल्डमध्ये तुंबावा. जे थोडं अडतं ते इंजिन फार जोरात फिरतं तेव्हा, आणि बाजारहाटाला जाणारा माणूस तेवढं फिरवतो कधी? आत हवा-पेट्रोल तेवढंच येणार, मागे सायलेन्सर तोच राहणार. मधलीच एक नळी गुळगुळीत करून घोडा कसा होणार? शर्यतीची गाडी असेल, पुढचं-मागचं सगळंच बदललं असेल, तर गोष्ट वेगळी. "बंबाची नळी खरंच चोंदली होती, वहिनी. हिची नव्हती." मी त्यांना तांब्यातलं पाणी दिलं.

साईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे साईं, कुणाला पाहिजे तुझा चढ? लोगों को आवाज चाहिए. आवाज वाढला की माणूस म्हणतो गाडी पळते. आवाज बेच!" आणि ते खोटं नव्हतं. पैसे परत करायला गेलो तेव्हा एकाने सांगितलं, "भाऊ, पळू दे नाहीतर नको, तुमच्या गाडीसारखा आवाज तरी काढून द्या." भावोजींनी मान हलवली. "मी चढाचा शब्द दिला होता, आवाजाचा नाही." राजीनामा त्यांनी फाडला, आणि पगारातून एकेकाचं आगाऊ घेतलेलं फेडत गेले. त्यात वर्ष गेलं, वर थोडे महिने गेले. त्या काळात त्यांनी नवीन शर्ट घेतला नाही आणि घरखर्चाचा वाटाही चुकवला नाही. शेवटी राहिले साईं, मालाचे आणि गाळ्याचे.

परवा आम्ही कॅम्प दोनला गेलो. मला पडद्याचं कापड घ्यायचं होतं, पण भावोजी म्हणाले, "वहिनी, आधी माझ्याबरोबर चला." साईंनी पैसे घेतले, थुंकी लावून मोजले, गल्ल्यात टाकले. "पूरा आ गया, साईं. सगळा चुकता. आता पाहिजे तर परत उधार घे, तुला कधी ना नाही." भावोजी हसले, नको म्हणाले. शेजारच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. भिंतीला रंग भावोजींनीच दिलेला होता, निळा.

आम्ही रस्त्यावर आलो तेवढ्यात एक बुटकी, काळी गाडी गुरगुरत गेली, पायाखालची फरशी थरथरावी असा आवाज. भावोजी जागच्या जागी थांबले. मान एका बाजूला कलली, तळहात नकळत अर्धा वर आला. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, छाती भरलीय नाहीतर मोकळी आहे. त्यांनी तळहात परत खाली घेतला. गाडी गर्दीत दिसेनाशी झाली तरी बघत राहिले. मी कापडाच्या दुकानाकडे बघितलं, मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. घाई कसलीच नव्हती. कुणाचं काही द्यायचं राहिलं नव्हतं.